आजीचं फडकं आणि एक डोळ्याचा प्राणी

गप्पी मासे पाळायचे म्हणून मी पाणवनस्पती विकत आणल्या होत्या. फिशटँक तयार व्हायला अजून चार दिवस होते, म्हणून त्या एका लोणच्याच्या बरणीत ठेवून बरणी खिडकीत ठेवली. तिसऱ्या दिवशी ऑफिसचा कॉल चालू असताना सहज बरणीकडे पाहिलं, तर पाण्यात पांढरे ठिपके झटके देत फिरत होते. धूळ असती तर तरंगली असती किंवा खाली बसली असती. हे ठिपके थांबत होते, मग एकदम दुसरीकडे दिसत होते.

मोबाईलला लावायची स्वस्तातली भिंग-क्लिप माझ्याकडे होती. एक थेंब प्लास्टिकच्या झाकणात घेऊन पाहिला. नासपतीसारखं शरीर, पुढं दोन लांब मिशा, मागं दोन शेपट्या, काहींच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या पिशव्या आणि डोक्याच्या मधोमध एकच लाल डोळा. सायक्लॉप्स. ग्रीक पुराणातल्या एक डोळ्याच्या राक्षसाचं नाव. लांबी मिलिमीटर-दीड मिलिमीटर.

टँक भरल्यावर मी त्यातला कपभर मजकूर गप्प्यांना टाकला. मासे तुटून पडले. पण एक गोष्ट लक्षात आली. मासा जवळ जाऊन तोंड उघडायचा आणि बऱ्याचदा तोंडात काहीच यायचं नाही. ठिपका त्याच क्षणी बोटभर बाजूला गेलेला असायचा.

आजी मागं येऊन उभी होती. म्हणाली, "पाण्यातलं जीव बघतोस व्हय? म्हणून तर फडकं बांधते मी. तू हसतोस."

आमच्या परळच्या घरात वॉटर प्युरिफायर आहे. तरीही आजी स्वयंपाकघरातल्या नळाला पांढरं दुपदरी फडकं बांधते. चाळीत होतो तेव्हा बांधायची, चाळ पाडून टॉवर झाला तरी बांधते. मी तिला कित्येकदा समजावलंय की महापालिकेचं पाणी गाळून आणि क्लोरिन घालून येतं. ती ऐकून घेते आणि फडकं धुऊन परत बांधते.

त्या दिवशी मी पहिल्यांदा विचारलं, "पण हे शिकवलं कोणी तुला?"

"सासूनं," ती म्हणाली. "तुझ्या आजोबांचा पाय बघितलावता ना?"

बघितला होता. आजोबांच्या डाव्या घोट्याच्या वर सुरकुतलेला, खोलगट व्रण होता. मी लहानपणी त्यावर बोट फिरवायचो. मला वाटायचं, गिरणीत काहीतरी लागलं असेल. आजोबा साताऱ्याकडच्या दुष्काळी पट्ट्यातून इथं गिरणीत आले, तेव्हा तो व्रण आधीपासूनच पायावर होता. तो नारूचा होता.

नारू

आपल्यापैकी बहुतेकांनी हा शब्द शाळेच्या पुस्तकात एका ओळीत वाचला असेल. पण शरीरातून वीतभर, हातभर, कधीकधी त्याहूनही लांब दोऱ्यासारखा जंत बाहेर येतो, ही गोष्ट आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीनं प्रत्यक्ष पाहिली आहे. मादी जंत मीटरभर लांब वाढू शकते. ती बहुधा पायाच्या कातडीखाली येते, तिथं फोड उठतो, प्रचंड आग होते. माणूस साहजिकच तो पाय गार पाण्यात बुडवतो. फोड फुटतो आणि मादी पाण्यात लाखो पिल्लं सोडते.

पुढं सायक्लॉप्स येतो. तो ही सूक्ष्म पिल्लं खातो. त्याच्या शरीरात साधारण दोन आठवडे वाढून ती माणसाला लागण करण्याइतकी तयार होतात. मग कोणीतरी त्याच विहिरीतलं पाणी पितं आणि पाण्याबरोबर सायक्लॉप्सही पोटात जातो. पोटातल्या आम्लात सायक्लॉप्स मरतो, पण आतली पिल्लं सुटतात, आतडं भेदून शरीरात शिरतात. वर्षभर काहीच कळत नाही. वर्षानंतर, म्हणजे पुन्हा पाणी आटायच्या हंगामात, पायावर फोड येतो.

उपाय एकच. जंताचं बाहेर आलेलं टोक काडीला गुंडाळायचं आणि रोज थोडं थोडं ओढायचं. घाई केली आणि जंत तुटला तर पाय पिकतो. आजी म्हणते, आजोबांचा तुटला होता. म्हणून एवढा व्रण. ऐन पेरणीच्या दिवसांत बारा-तेरा वर्षांचा पोरगा दोन महिने अंथरुणाला होता.

या साखळीत सायक्लॉप्स मधला दुवा आहे, हे 1870 च्या सुमारास अलेक्सेय फेदचेन्को या रशियन संशोधकानं तुर्कस्तानच्या मोहिमेत दाखवलं. भारतात या विषयावर काम झालं ते आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर.

आचार्य दोंदे मार्गावरची इमारत

केईएम आणि टाटा हॉस्पिटलच्या गर्दीतून आचार्य दोंदे मार्गावर आलात की हाफकिन संस्थेचं आवार लागतं. आतली जुनी इमारत एके काळी मुंबईच्या गव्हर्नरांचा बंगला होती. 1882 मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नीचा इथं पटकीनं, म्हणजे पाण्यातून पसरणाऱ्या रोगानं, मृत्यू झाला आणि पुढं गव्हर्नरांचं बिऱ्हाड मलबार हिलला गेलं. रिकाम्या बंगल्यात 1899 मध्ये वाल्डेमार हाफकिन आपली प्लेगची प्रयोगशाळा घेऊन आले. 1906 मध्ये तिचं नाव बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी झालं आणि 1925 मध्ये हाफकिन संस्था.

या प्रयोगशाळेतल्या डॉ. डी. ए. तर्खड यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात नारूवर काम केलं. 1920 मध्ये त्यांनी प्राण्यांमधल्या नारूबद्दल एक शोधनिबंध लिहिला. त्यात नागाच्या शरीरात सापडलेल्या अशाच जंताची नोंद आहे.

याच प्रयोगशाळेचे संचालक झालेले विल्यम ग्लेन लिस्टन हे माझ्या गोष्टीतलं दुसरं महत्त्वाचं नाव. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमधून माणसात येतो, हे सिद्ध करणाऱ्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. पण त्याआधी ते वऱ्हाडात एलिचपूरला, म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यातल्या अचलपूरला होते. तिथल्या एका डासाचं त्यांनी 1901 मध्ये शास्त्रीय वर्णन केलं आणि मलेरियाचे संशोधक स्टीफन्स यांच्या नावावरून त्याला नाव दिलं. आजही त्या डासाचं पूर्ण नाव 'ॲनोफिलीस स्टीफेन्सी लिस्टन, 1901' असंच लिहिलं जातं. शहरात मलेरिया पसरवणारा हा डास जगाला पहिल्यांदा कळला तो अचलपूरमधून.

मागच्या पावसाळ्यात माझ्या बाबांना मलेरिया झाला, तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. समोर एका टॉवरचं बांधकाम चालू होतं आणि आम्ही सगळे त्याकडे बोट दाखवत होतो.

खाऊ पाहणाऱ्यापासून कसं वाचायचं

सायक्लॉप्स आणि डासाची अळी, दोघंही त्याच गोड्या पाण्यात राहतात आणि दोघांनाही मासे खातात. दोघांचे बचाव मात्र वेगळे आहेत. हे बचाव समजले की पुढचा इतिहास समजतो.

सायक्लॉप्सला त्या एका डोळ्यानं उजेड-अंधार कळतो, मासा दिसत नाही. त्याचा खरा पहारा मिशांवर आहे. मिशांवरचे बारीक केस पाण्याची हालचाल ओळखतात. मासा भक्ष्य पकडताना तोंड उघडून पाणी आत ओढतो. त्या ओढीची चाहूल लागताच काही मिलिसेकंदांत सायक्लॉप्स पाय मागे मारून उडी घेतो. त्या क्षणापुरता त्याचा वेग सेकंदाला स्वतःच्या लांबीच्या काही शे पट असतो. माणसाला हे जमलं असतं तर परळहून दादर स्टेशन काही सेकंदांत आलं असतं.

पण पोटात नारूची पिल्लं असलेला सायक्लॉप्स सुस्त होतो आणि तळाशी जातो. उन्हाळ्यात बारवेचं पाणी तळाला जातं आणि पायऱ्या उतरून लोक नेमकं तेच तळाचं पाणी भरतात.

डासाच्या अळीचा प्रश्न वेगळा. ती राहते पाण्यात, पण श्वास हवेतला घेते. क्युलेक्स डासाची अळी शेपटीकडची नळी पृष्ठभागाला लावून डोकं खाली करून लटकते. ॲनोफिलीसच्या अळीला अशी लांब नळी नसते, म्हणून ती पृष्ठभागाला समांतर आडवी पडून राहते आणि डोकं पूर्ण उलटं वळवून वरच्या थरातलं खाणं ओढून घेते. तुमची सावली पडली किंवा भांड्याला धक्का लागला की अळ्या वळवळत खाली बुडी मारतात. हा त्यांचा बचाव. पण श्वासासाठी परत वर यावंच लागतं. म्हणून शंभर वर्षांपूर्वी डबक्यांवर तेलाचा थर पसरवायचे. अळी वर यायची आणि गुदमरायची.

या सगळ्यात मला सर्वांत थक्क केलं ते डॅफ्नियानं. तळ्यातला हा अगदी छोटा कवचधारी प्राणी, सायक्लॉप्सचा शेजारी. 1909 मध्ये रिचर्ड वोल्टरेक या जर्मन शास्त्रज्ञानं दाखवलं, की एकाच वंशातले डॅफ्निया परिस्थितीप्रमाणे वेगवेगळ्या उंचीचं शिरस्त्राण वाढवतात. पुढच्या काळात कळलं, की काही जाती शत्रूचा नुसता वास पाण्यात आला तरी मानेवर काटे किंवा डोक्यावर टोप वाढवतात. शत्रू नसेल तर हा खर्च करत नाहीत, कारण काट्यांना ऊर्जा लागते आणि वाढ मंदावते. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसलं, की धोक्यात वाढलेल्या आईची पिल्लं आधीच मोठा टोप घेऊन जन्मतात.

आणि तो वास कशाचा? कॅओबोरस नावाच्या एका माशीची अळी डॅफ्निया खाते. 2018 मध्ये संशोधकांनी शोधलं, की तिच्या पचनासाठी लागणारी काही रसायनं पाण्यात मिसळतात आणि डॅफ्निया तीच हुंगतो. शिकारी हा वास बंद करू शकत नाही. बंद केला तर त्याचं स्वतःचं पचन बिघडेल. मी रोज लॉग बघून सिस्टीममध्ये कोण शिरलंय ते शोधतो. डॅफ्निया शिकाऱ्याचा असा लॉग वाचतो, जो शिकाऱ्याला पुसताच येत नाही.

म्हणजे हे बचाव फार हुशार आहेत, पण प्रत्येक बचाव ओळखीच्या शत्रूसाठी तयार झालेला आहे. उडी माशाच्या तोंडासाठी, बुडी सावलीसाठी, टोप विशिष्ट अळीसाठी. आपण या पाण्यात कुठल्या रूपात उतरतो, यावर पुढचं सगळं ठरलं.

विहिरी झाकल्या, डास वर गेला

1911 मध्ये डॉ. चार्ल्स बेंटली यांचा मुंबईतल्या मलेरियाच्या कारणांवरचा अहवाल आला. त्यात मुख्य दोषी ठरला लिस्टन यांचाच स्टीफेन्सी, आणि त्याचं घर ठरल्या मुंबईच्या घराघरांतल्या विहिरी. विहारचं नळाचं पाणी 1860 मध्येच आलं होतं, पण विहिरी वापरात होत्याच. महापालिकेनं त्या बुजवायला, झाकायला सुरुवात केली. विरोधही झाला. अनेक हिंदू घरांत विहिरीचं पाणी पूजेला लागायचं आणि पारशी धर्मात विहिरीच्या पाण्यावर सूर्यप्रकाश पडणं महत्त्वाचं. चर्चगेटजवळची 1725 ची भिखा बेहराम विहीर आजही जिवंत आहे, ती अशाच श्रद्धेमुळे.

दुसरा उपाय होता मासे. गप्पी मासे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात आले आणि गॅम्बुसिया 1928 मध्ये इटलीतून. मुंबईत आजही विहिरी-कारंज्यांत गप्पी सोडतात. उपाय चांगला आहे, पण अर्धा. पाण्यात शेवाळ आणि गवत असेल तर अळ्या त्यात लपतात. काही जातींच्या डासांच्या माद्या तर शिकारी असलेलं पाणी वासानं ओळखून तिथं अंडीच घालत नाहीत. गॅम्बुसियाचं आणखी एक दुखणं. तो स्थानिक छोट्या माशांची पिल्लंही खातो.

1928 मध्ये गॉर्डन कॉव्हेल यांनी मुंबईतल्या मलेरियाचा पुन्हा अभ्यास केला. स्टीफेन्सी होताच. विहिरी कमी होत गेल्या तसा तो गच्चीवरच्या टाक्यांत गेला, मग बांधकामाच्या साठवणीच्या पाण्यात. 2012 मध्ये तो आफ्रिकेत जिबूतीमध्ये सापडला आणि तिथून इथिओपियासह इतर देशांत. शहर जसं बदललं तसं त्याला नवं पाणी मिळत गेलं. स्वच्छ, साठवलेलं, झाकण नसलेलं पाणी आपणच जागोजागी तयार करत होतो.

फडक्यासाठी उडी नाही

नारूचं असं झालं नाही. तिथंही आधी मासेच आठवले. 1930 च्या दशकात म्हैसूर संस्थानात मूर्ती यांनी विहिरींत सायक्लॉप्स खाणारे मासे सोडून पाहिले. पण देशभर नारू संपला तो मुख्यतः दुसऱ्या मार्गानं. 1983-84 मध्ये राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. लस नव्हती. जंत मारणारं औषध नव्हतं. गावोगावी रुग्ण शोधायचे, त्यांना पाण्यात पाय घालू द्यायचा नाही, पायऱ्यांच्या विहिरींचं रूप बदलायचं, हातपंप बसवायचे, पाण्यात टेमेफॉस टाकायचं आणि पाणी फडक्यातून गाळायचं. महाराष्ट्र नारूग्रस्त राज्यांपैकी एक होता. देशातला शेवटचा रुग्ण जुलै 1996 मध्ये राजस्थानातल्या जोधपूर जिल्ह्यात सापडला. फेब्रुवारी 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणित केलं. 1986 मध्ये जगात अंदाजे 35 लाख रुग्ण होते. आज वर्षाला मोजके उरलेत.

आता सायक्लॉप्सच्या बाजूनं पाहा. फडक्यातून जाणारं पाणी माशासारखं तोंड उघडत नाही. उडी मारली तरी जायचं कुठं? दुपदरी सुती कापडाची वीण त्याच्या शरीरापेक्षा बारीक आहे. कोट्यवधी वर्षं माशांपासून वाचायला शिकलेल्या या जिवाकडे साडीच्या फाटक्या पदरावर उत्तर नव्हतं. आणि नारूला माणसात शिरायला तेवढी एकच वाट होती.

डासाला मात्र आपण बहुतेक वेळा माशासारखेच भिडलो. तेल, मासे, फवारणी, म्हणजे पाण्यात असलेल्या अळीचा पाठलाग. पाणीच झाकण्याचं कंटाळवाणं काम प्रत्येक वेळी दुसऱ्यावर ढकललं. हे मी कुणा खात्याबद्दल म्हणत नाहीये. त्याचं कारण पुढं येतं.

बरणी

मासे टँकमध्ये गेल्यावर उरलेल्या वनस्पतींची बरणी मी खिडकीतच विसरलो. तीन आठवड्यांनी महापालिकेचे कर्मचारी सोसायटीत तपासणीला आले. त्यातल्या काकांनी गच्चीवरच्या टाकीचं झाकण बघितलं, कुंड्यांखालच्या बशा बघितल्या, मग आमच्या खिडकीतली बरणी उचलून उजेडात धरली.

"हे कुणाचं?"

"माझं, काका."

"अळ्या आहेत बघा. समोरच्या साईटची तक्रार तुम्हीच केलीवतीत ना?"

मीच केली होती. बाबा शेजारी उभे होते. ते काहीच बोलले नाहीत, त्यामुळे जास्तच लाज वाटली. काकांनी पाणी मोरीत ओतायला लावलं, बरणी घासून उलटी ठेवायला सांगितली आणि पुढच्या मजल्यावर गेले.

रात्री मी या विषयावर वाचत बसलो, तर व्हिएतनामची गोष्ट सापडली. तिथं 1990 च्या दशकापासून गावांतल्या पाण्याच्या टाक्यांत मेसोसायक्लॉप्स, म्हणजे आपल्या सायक्लॉप्सचाच भाऊबंद, मुद्दाम सोडला गेला. तो डेंगी पसरवणाऱ्या एडीस डासाच्या नुकत्याच अंड्यातून बाहेर आलेल्या अळ्या खातो. अळी मोठी झाली की त्याच्या आवाक्याबाहेर जाते, म्हणून तिचा एकच बचाव, लवकर वाढणं. अनेक गावांत एडीस जवळपास संपला. तिथंही नुसता सायक्लॉप्स पुरला नाही. लोकांनी घराभोवतीचे डबे, करवंट्या, फुटकी भांडी उचलली, तेव्हा ते जमलं. आजोबांना आजारी पाडणारा प्राणी तिथं माणसांना आजारापासून वाचवत होता.

मी आजीला हे सांगितलं. तिला फार नवल वाटलं नाही. "त्याचं काय चुकलं," ती म्हणाली. "त्यो आपला पाण्यात हाय. आपण त्याला पिऊ नये."

दुसऱ्या दिवशी सकाळी फडकं बदलायचं काम मी मागून घेतलं. धुतलेलं फडकं नळाला बांधलं, गाठ मारली. आजी आली, बघितलं, आणि गाठ सोडली.

"उलटं बांधलंस."

फडक्याच्या एका कोपऱ्याला लाल दोऱ्याचा टाका होता. इतकी वर्षं मी तो पाहिला होता, कधी विचारलं नव्हतं. टाका असलेली बाजू कायम वर हवी. काल वरच्या बाजूला अडकलेला गाळ आणि जीव आज उलट्या फडक्यातून थेट हंड्यात पडतात, म्हणून. नारू निर्मूलनाच्या प्रचारातही हीच सूचना असायची, हे मी नंतर वाचलं. आजीला ती तिच्या सासूनं सांगितली होती, आणि सासूनं मुलाचा पाय बघितला होता.

मी फडकं सोडलं, टाका वर घेतला आणि पुन्हा बांधलं.